पुंगळीतली रिकामी जागा

मंडळी, आजचा विषय दारूचा. पिण्याची नव्हे, उडवण्याची. मागच्या भागांत आपण तोफा पाहिल्या, ठासणीच्या बंदुका पाहिल्या. तेव्हा इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठून कुठून एकाच अर्थाचे प्रश्न आले. काळी दारू गेली आणि बिनधुराची आली, तेव्हा नेमकं बदललं काय? धूर गेला, एवढंच का?

धूर गेला हे खरंच, पण ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. काय बदललं ते सांगायला मी आज एक आडवाट धरणार आहे. अमेरिकेत पिस्तुलाच्या स्पर्धेत उतरणारे हौशी नेमबाज गेली शंभराहून अधिक वर्षं आपली काडतुसं स्वतः घरी भरत आले आहेत. झाडलेलं काडतूस म्हणजे पितळेची रिकामी पुंगळी. ती फेकून द्यायची नाही, पुन्हा भरायची. त्यात नवी टोपी, म्हणजे प्रायमर, थोडी दारू आणि वर गोळी. या माणसांपुढे एक साधा दिसणारा प्रश्न कायम असतो: कोणती दारू घ्यावी, म्हणजे आपली बोटं आणि डोळे जागेवर राहतील? दारूचा सगळा आधुनिक इतिहास या प्रश्नात येऊन बसलेला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. मी इथे कुठलीही कृती सांगणार नाही. एखाददुसरा आकडा येईल तो इतिहास म्हणून. कोणी वही-पेन घेऊन बसलं असेल तर ते खाली ठेवावं.

आता काळ्या दारूपासून सुरुवात करू. शोरा, कोळसा, गंधक. साधारण पंचाहत्तर, पंधरा, दहा या प्रमाणात. ही दारू काही भली नव्हे. ठिणगी पडली तर उघड्यावरसुद्धा भडकते, ओल धरते, नळीत काजळी साठवते. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरच्या दारूखान्याबद्दल लिहिलं आहे: तो घरांच्या जवळ नसावा आणि हवालदाराने ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हात द्यावी. ज्याने दारू हाताळली आहे त्याचंच हे लिहिणं. पण काळ्या दारूचा एक गुण असा की ती फार फुगीर असते, कमी ताकदीची असते, आणि म्हणून पुंगळीत तिला भरपूर जागा लागते.

१८७३ साली कोल्टचं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर आलं. त्याच्या .४५ कोल्ट काडतुसात चाळीस ग्रेन काळी दारू भरायचे. पुंगळी भरली, गोळी वर बसली, काम झालं. कोणी कितीही वेंधळा असला तरी त्या पुंगळीत ऐंशी ग्रेन घालू शकत नव्हता, कारण जागाच नव्हती. पुंगळी हेच माप होतं आणि पुंगळी हाच पहारेकरी होता. हे मुद्दाम ठरवून कोणी केलं नव्हतं. दारू जशी होती तसं काडतूस बेतलं गेलं, आणि सुरक्षितता त्यात फुकट मिळाली.

मग १८४६ साली क्रिस्टियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाने कापसाचं रूप बदलून टाकलं. दिसायला कापूस, पण पेटवला की राखही मागे राहत नाही. सगळ्या युरोपला वाटलं, नवी दारू सापडली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फेव्हरशॅम इथला हा कापूस बनवणारा कारखाना उडाला आणि माणसं मेली. नुसता कापूस फार वेगाने जळत होता. तो बंदुकीत चालण्याजोगा करायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच अभियंत्याने तो कापूस द्रावकात विरघळवून त्याची लगद्यासारखी पिठी केली, तिचे पातळ पत्रे लाटले आणि त्यांचे तुकडे कापले. कापसाची सच्छिद्रता गेली. आता तुकडा फक्त वरच्या पृष्ठभागावरून, थराथराने जळू लागला. तुकड्याची जाडी बदलली की जळण्याचा वेळ बदलला. दारूची गती माणसाच्या हातात आली ती इथे. तीन वर्षांनी आल्फ्रेड नोबेलने त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून बॅलिस्टाइट केलं, १८८९ मध्ये एबल आणि ड्युअर यांनी इंग्रजांसाठी कॉर्डाइट केलं. तेच कॉर्डाइट पुढे आपल्या निलगिरीत अरुवंकाडूच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. उटीच्या छोट्या गाडीने जाताना ते स्टेशन लागतं. तुमच्यापैकी अनेकांनी पाटी वाचली असेल.

या व्हिएलचं आणखी एक काम आहे आणि आजच्या विषयात ते त्याच्या दारूपेक्षा महत्त्वाचं आहे. त्याने दाखवलं की दारूच्या तुकड्याचा जळण्याचा वेग भोवतालच्या दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की वेग वाढतो. आता विचार करा. बंद पुंगळीत दारू पेटली, वायू झाला, दाब वाढला. दाब वाढला म्हणून दारू जास्त वेगाने जळू लागली, म्हणून दाब आणखी वाढला. आपणच आपल्याला चाबूक मारणारा हा घोडा. त्याला लगाम एकच: गोळी पुढे सरकते आणि वायूला जागा मिळते. जागा मिळण्याचा वेग आणि वायू होण्याचा वेग यांची ही शर्यत असते, आणि ती हजारात मोजण्याइतक्या सूक्ष्म सेकंदांत संपते. त्यामुळे दारू दुप्पट घातली तर दाब दुप्पट होऊन थांबत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जातो. काळ्या दारूचा वेग दाबाने इतका उसळत नाही. म्हणजे नव्या दारूत दोन गोष्टी एकदमच आल्या: थोडक्या जागेत मोठी ताकद, आणि चुकीला न सोसणारा स्वभाव.

अडचण अशी झाली की दारू बदलली पण पुंगळ्या जुन्याच राहिल्या. मापंही जुनीच. सुरुवातीला काही उत्पादकांनी यातून एक शहाणा मार्ग काढला होता. प्रशियाचा कॅप्टन शुल्ट्झ याने लाकडाच्या लगद्यापासून केलेली दारू, किंवा ड्यूपॉन्टने पुढे शॉटगनसाठी आणलेली दारू, या मुद्दाम फुगीर ठेवलेल्या होत्या. काळ्या दारूचं माप भरून घ्या, तेवढ्याच आकारमानाची ही घाला, चालेल. यांना ‘बल्क’ म्हणत. दुसऱ्या जातीच्या दारूला ‘डेन्स’ म्हणत. ती घट्ट, जड, चिमूटभर पुरणारी. एखाद्याने डब्यावरचा हा एक शब्द न वाचता डेन्स दारू जुन्या मापाने भरली, की बंदूक फुटायची. फुटल्याही. त्या काळी न्यू हेवनमध्ये जॉन बार्लोची आयडियल नावाची कंपनी होती. ती घरगुती भरणीची हत्यारं विकायची, आणि तिच्या पुस्तिका म्हणजे या छंदाची पहिली बाराखडी होती. कुठल्या दारूला कुठलं माप चालतं आणि कुठलं नाही, हे शिकायचं ठिकाण लोकांना तेच होतं.

बल्क दारू हळूहळू मागे पडली, आणि पिस्तुलवाल्यांच्या हातात आली बुल्सआय. लाफ्लिन अँड रँड कंपनीची, १८९८ सालची. पुढे ती कंपनी ड्यूपॉन्टने घेतली, १९१२ मध्ये न्यायालयाने ड्यूपॉन्टची मक्तेदारी मोडली तेव्हा त्यातून हर्क्युलिस कंपनी निघाली आणि बुल्सआय तिच्याकडे गेली. ही दारू अजून मिळते. सव्वाशे वर्षं बाजारात टिकून राहिलेली वस्तू वाईट असणार नाही, आणि ती वाईट नाहीच. झटकन जळते, लहान नळीत पूर्ण जळून संपते. त्याच १८९८ च्या सुमाराला स्मिथ अँड वेसनचं .३८ स्पेशल काडतूस आलं, आणि या दोघांचं लग्न लागलं ते पाऊणशे वर्षं मोडलं नाही.

आता थोडा हिशेब करू. .३८ स्पेशलची पुंगळी साधारण एकवीस ग्रेन काळ्या दारूसाठी बेतलेली. ग्रेन म्हणजे किती, ते आपल्या मापात सांगतो. इंग्रजी अमलातला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त. तर पुंगळी अकरा गुंजांची. तिच्यात बुल्सआयवाला कागदाच्या लक्ष्यावर मारण्यासाठी किती घालायचा? तीन ग्रेनहून कमी. दीड गुंज! अकरा गुंजांच्या भांड्यात दीड गुंज. राहिलेली जागा रिकामी. वरून पाहिलं तर पुंगळीच्या तळाशी करड्या पापुद्र्यांचा पातळसा थर. चुकून दुसऱ्यांदा माप पडलं तर तीन गुंजा होतील, तरी भांडं अर्धंसुद्धा भरत नाही. गोळी वर ऐटीत बसते. बाहेरून त्या काडतुसात आणि शेजारच्या काडतुसात तिळाइतका फरक दिसत नाही.

तरीही लोक हे का करत होते? कारण तीन ग्रेनच्या हिशेबाने एका पौंडात, म्हणजे सात हजार ग्रेनांत, तेवीसशेहून अधिक काडतुसं होतात. ओहायोमध्ये ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचं मैदान आहे, तिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरतात. तिथल्या मोठ्या पिस्तूल सामन्यात तीन बंदुकींनी मिळून २७० गोळ्या मारायच्या, म्हणजे कमाल गुण २७००. तिथे उभं राहायचं तर वर्षभर हजारोंनी सराव हवा. कारखान्याची नवी काडतुसं घेऊन हा सराव परवडणारा माणूस विरळा, आणि काडतुसात सगळ्यात महाग पितळ. शिवाय हलक्या भरतीचा धक्का कमी, नेम स्थिर. शिक्षक, टपाल खात्यातले कारकून, पोलीस शिपाई अशा पगारदार लोकांचा हा खेळ टिकला तो या दीड गुंजेवर.

हे लोक निष्काळजी होते असं मात्र समजू नका. लाकडी ठोकळ्यात पन्नास भोकं, त्यात पन्नास पुंगळ्या उभ्या. सगळ्यांत दारू घालून झाली की ठोकळा दिव्याखाली धरायचा आणि एकेका पुंगळीत डोकवायचं. पन्नास थर सारखे दिसले तरच गोळ्या बसवायच्या. हा रिवाज म्हणजे काळ्या दारूच्या वेळी पुंगळी आपणहून द्यायची त्या पहाऱ्याची भरपाई होती. आता पहारा डोळ्यांनी द्यायचा.

तरी रिव्हॉल्व्हरं फुटली. आणि मग एक वाद सुरू झाला, तो दशकानुदशकं चालला. ज्याचं फुटलं तो शपथेवर सांगे की मी दुप्पट माप घातलेलं नाही. कोणी म्हणे, फार थोडी दारू मोठ्या पुंगळीत आडवी पसरली की ती एकदम सगळ्या पृष्ठभागावर पेटते आणि स्फोट होतो. म्हणजे भरती जास्त झाली म्हणून नव्हे, कमी होती म्हणून बंदूक फुटली! दारू बनवणाऱ्यांनी आणि दाब मोजणाऱ्या प्रयोगशाळांनी हलक्या भरतीची काडतुसं पुन्हा पुन्हा झाडून पाहिली. हातात खात्रीने येईल असा स्फोट पिस्तुलाच्या त्या हलक्या भरतीतून निघाला नाही. दुप्पट माप घातलं की मात्र दर वेळी निघायचा. मला स्वतःला हा वाद दारूपेक्षा माणसाच्या स्वभावाबद्दल जास्त सांगतो असं वाटतं. पन्नास भोकांच्या ठोकळ्यात आपण एकोणपन्नास वेळाच नीट पाहिलं असेल हे मान्य करण्यापेक्षा निसर्गाचा एक नवा नियम मान्य करणं सोपं जातं.

थोडं थांबून एक प्रश्न मिटवतो, कारण तो येणारच. आपले नेमबाज हे करतात का? कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्णपदक जिंकलं, ते .२२ च्या काडतुसांवर. त्या काडतुसात पेटवणारं मिश्रण तळाच्या कडेत ओतलेलं असतं, ते एकदा ठेचलं की संपलं. ते घरी पुन्हा भरण्याची सोयच नाही. सेंटरफायर पिस्तूल, ज्यात जसपाल राणाने २००६ मध्ये दोहा इथे ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, त्यात पुंगळी पुन्हा भरता येण्याजोगी असते. पण तो स्पर्धेचा प्रकार वेगळा, वेग वेगळा. घरगुती भरणीचं खरं नाट्य घडलं ते दुसऱ्या एका खेळात.

१९७६ च्या मे महिन्यात अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी काही लोक जमले आणि त्यांनी आयपीएससी ही संघटना काढली. जेफ कूपर तिचा पहिला अध्यक्ष. उभं राहून शांतपणे नेम धरण्याचा हा खेळ नव्हता; पळत, वळत, घड्याळाशी झुंजत मारायचं. आणि कूपरचा आग्रह असा की पिस्तूल जोरकस असलं पाहिजे. हलक्या भरतीने कोणी फसवू नये म्हणून ताकद मोजायची पद्धत ठरली. गोळीचं वजन ग्रेनांत, वेग सेकंदाला फुटांत, दोघांचा गुणाकार करून हजाराने भागायचं. आकडा १७५ च्या वर गेला तर ‘मेजर’, आणि मेजरला लक्ष्याच्या कडेच्या फटक्यांसाठी जास्त गुण. .४५ एसीपीची जुनी लष्करी गोळी २३० ग्रेनची, वेग ८५०च्या आसपास. करा गुणाकार: १९५. घामही न गाळता मेजर.

इथपर्यंत ठीक होतं. पण नियम लिहिला की त्यातली फट शोधणारा माणूस जन्माला येतोच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉब लेथम आणि ब्रायन इनोस या दोघांनी .३८ सुपर हे काडतूस पुढे आणलं. ते कोल्टने १९२९ मध्ये काढलेलं, जवळजवळ विसरलेलं. लहान व्यासाची गोळी, त्यामुळे मॅगझिनमध्ये जास्त मावतात. आणि नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर, म्हणजे वर भोकं असलेला तुकडा. त्यातून वायू वर उसळतो आणि पिस्तुलाचं तोंड खाली दाबून धरतो. जितका वायू जास्त तितका धक्का कमी जाणवतो. पण ११५ ग्रेनच्या गोळीने १७५ गाठायचं तर वेग किती लागेल? सेकंदाला पंधराशे फुटांच्या वर. आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पुढे. अमेरिकन उद्योगाने .३८ सुपरसाठी ठरवलेली कमाल दाबाची मर्यादा आहे चौरस इंचाला ३६,५०० पौंड. .४५ साठी ती २१,००० आहे. मेजर करणारे त्या वरच्या मर्यादेच्याही पलीकडे काम करत होते, आणि असल्या भरतीचे आकडे कोणत्याच कंपनीच्या पुस्तकात नव्हते. नेमबाज एकमेकांना तोंडी सांगत.

त्यात पिस्तुलाची रचना आडवी आली. १९११ जातीच्या पिस्तुलात गोळी मॅगझिनमधून वर चढावी म्हणून चेंबरच्या तळाशी उतार कापलेला असतो. त्या जागी पुंगळीच्या बुडाजवळचा थोडा भाग पोलादाने वेढलेला नसतो, पितळ उघडं पडतं. साध्या दाबाला चालतं. मेजरच्या दाबाला ते पितळ तिथेच फाटायचं. वायू, पितळेचे कपचे आणि न जळलेले कण मॅगझिनच्या बाजूने आणि वरून नेमबाजाच्या चेहऱ्यावर यायचे. या प्रकाराला त्यांनी नाव ठेवलं होतं ‘सुपर फेस’. विनोदाने म्हणत, पण चष्मा न लावता मैदानात पाय ठेवू नये हा नियम कोणाला दोनदा सांगावा लागत नसे.

आणि इथे दारूची निवड हा आवडीचा विषय राहिला नाही. बुल्सआयसारखी चपळ दारू घेऊन पंधराशे फूट गाठायला गेलं तर दाबाचा कडा सरळ वर चढतो, कारण गोळी हलायच्या आतच सगळा वायू तयार. हवी होती मंद दारू: थोडी उशिरा, थोडी जास्त वेळ जळणारी, दाबाचं शिखर बुटकं ठेवून गोळीला लांबवर ढकलत नेणारी. मंद दारूचं वजन जास्त लागतं, म्हणून वायूही जास्त होतो, तो कॉम्पेन्सेटरला हवाच असतो. आणि जास्त लागते म्हणून ती पुंगळी जवळजवळ भरून टाकते. दुप्पट माप पडलं तर बाहेर सांडते! शंभर वर्षांपूर्वी गेलेला पहारेकरी असा मागच्या दाराने परत आला. लोक विंचेस्टर ५४०, हॉजडनची एचएस-६, पुढे फिनलंडच्या विटावुओरीच्या दारू यांच्याकडे वळले ते यामुळे. चेंबरचा उघडा भाग झाकणाऱ्या नळ्याही आल्या. आणि संघटनांनी आकडा खाली आणला. अमेरिकेत तो १६५ झाला, आंतरराष्ट्रीय सामन्यांत ओपन गटाला १६०. मला विचाराल तर दारूच्या कोणत्याही निवडीपेक्षा या दहा-पंधरा आकड्यांनी जास्त डोळे वाचवले असतील. नियमच कड्याच्या टोकाशी नेऊन उभा करत असेल तर माणसाला चांगले बूट देऊन किती उपयोग?

दरम्यान भरण्याची पद्धतही बदलली होती. सॅन दिएगोची स्टार यंत्रं जुनी, पण महाग. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ॲरिझोनाच्या माइक डिलनने नेमबाजाला परवडतील अशी प्रोग्रेसिव्ह यंत्रं आणली. दांडा एकदा खाली ओढला की एका पुंगळीत दारू पडते, दुसरीत गोळी बसते, तिसरी तयार होऊन बाहेर येते. तासाला शेकड्यांनी. पण लाकडी ठोकळा गेला. पन्नास पुंगळ्या शेजारी शेजारी दिव्याखाली धरून पाहण्याचा तो क्षण कामातून निघून गेला. आणि ज्या यंत्रात खालची थाळी हाताने फिरवायची असते तिथे काय होतं पाहा. दांडा ओढला, मध्येच काहीतरी अडलं, ते सोडवलं, फोन वाजला, आणि थाळी न फिरवता दांडा पुन्हा ओढला. त्याच पुंगळीत दुसरं माप. यंत्र आपल्या गतीने पुढे निघून जातं.

म्हणून या लोकांच्या बोलण्यात ‘सुरक्षित दारू’ याचा अर्थ केवळ मंद किंवा चपळ असा राहत नाही. एकच दारू एकाच्या टेबलावर सुरक्षित आणि दुसऱ्याच्या टेबलावर धोक्याची असू शकते. हॉजडनची टाइटग्रुप पाहा. तिचा गुण असा की मोठ्या पुंगळीत ती पुढे लोळत असो की मागे, वेग फारसा बदलत नाही. हलक्या भरतीत इतर दारूंना हे जमत नाही. फार थोडी लागते, म्हणून स्वस्तही पडते. आणि फार थोडी लागते म्हणूनच दुप्पट माप खुशाल मावते. गुण आणि दोष एकाच गोष्टीची दोन नावं. उलट युनिक ही हर्क्युलिसची जुनी दारू मापातून सारखी पडत नाही, कुरकुर करत पडते, पण पुंगळीत दिसते. माझ्या वाचनातले अनुभवी लोक नवख्याला युनिकच्या जातीची फुगीर दारू सुचवताना दिसतात. मला त्यांचं पटतं.

दारू ओळखण्याचा प्रश्नही लहान नाही. करडे पापुद्रे, करडे कण, सगळे सारखे. डब्याबाहेर काढलेली दारू पाहून ती कोणती हे सांगता येत नाही. हर्क्युलिसने १९३२ मध्ये रेड डॉट आणली तेव्हा तिच्यात काही पापुद्रे लाल रंगवून मिसळले. पुढे ग्रीन डॉट, ब्लू डॉट आल्या, त्यांत हिरवे आणि निळे. तांदळातल्या खड्यांसारखे ते रंगीत पापुद्रे शक्तीला काही करत नाहीत, फक्त नाव सांगतात. मला ही फार माणुसकीची कल्पना वाटते. पण नाव कळलं म्हणून सगळं कळलं असंही नाही. २००८ मध्ये ब्लू डॉटच्या तेव्हाच्या मालक कंपनीने जाहीर सूचना काढली की ही दारू .४१ मॅग्नममध्ये अजिबात वापरू नये आणि .३५७ मॅग्नममध्ये १२५ ग्रेनच्या गोळीखाली वापरू नये. कित्येक वर्षं जुन्या पुस्तकांत छापलेल्या भरत्या एका पत्रकाने बाद झाल्या. ज्याच्या कपाटात फक्त जुनं पुस्तक होतं त्याला हे कळायचा मार्ग काय?

रिकाम्या जागेची एक गोष्ट राहिली. आतापर्यंत मी ती शत्रू असल्यासारखी सांगितली, पण ती अचानक कमी झाली तरी घात होतो. स्वयंचलित पिस्तुलात काडतूस उतारावर आपटत चेंबरमध्ये जातं. गोळी पुंगळीत सैल बसलेली असेल तर त्या धक्क्याने ती आत दबते. स्पीअर कंपनीच्या पुस्तकात ९ मिलिमीटरच्या काडतुसाचा एक प्रयोग आहे. तीच दारू, तेवढीच दारू. गोळी फक्त ०.०३ इंच आत दाबली, म्हणजे पाऊण मिलिमीटर. त्यांच्या दाबाच्या एककात २८,००० चा आकडा ६२,००० वर गेला. नखाच्या जाडीएवढी जागा कमी झाली, आणि व्हिएलचा घोडा उधळला.

या सगळ्यात सगळ्यात उशिरा आलेली दारू मला सगळ्यात गमतीची वाटते. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून काउबॉय शूटिंग नावाचा खेळ वाढला. जुन्या पश्चिमेचे कपडे, जुन्या घडणीची रिव्हॉल्व्हरं, तेच १८७३ चं .४५ कोल्ट काडतूस. पण भरती मात्र एकदम हलकी, कारण लक्ष्य पोलादी पत्र्याचं आणि जवळ, आणि खेळ वेळेचा. म्हणजे चाळीस ग्रेन काळ्या दारूच्या प्रशस्त घरात पुन्हा चिमूटभर आधुनिक दारू, आणि तेही वेगाने भरणाऱ्या यंत्रावर. धोक्याची सगळी सामग्री जमली. तेव्हा ट्रेल बॉस नावाची दारू बाजारात आली. तिचे कण मेदुवड्यासारखे, मध्ये भोक पाडलेले. जाणूनबुजून फुगवलेली. थोड्या वजनात पुंगळी भरल्यासारखी दिसते आणि दुप्पट माप पडलं तर ओसंडते. सव्वाशे वर्षांपूर्वीची बल्क दारू नवं नाव घेऊन आली, एवढंच.

गेल्या काही वर्षांत ही ट्रेल बॉस मिळेनाशी झाली. काहींनी जुने डबे जपून ठेवले, काहींनी दुसऱ्या फुगीर दारू शोधल्या. आणि या खेळात काळ्या दारूचा एक वेगळा गटच आहे, काही जण त्यात गेले. ते .४५ कोल्टच्या पुंगळीत काळी दारू वरपर्यंत भरतात, मोजायचं फारसं कारणच पडत नाही. बार काढला की इतका धूर होतो की दुसरं लक्ष्य शोधायला थांबावं लागतं. संध्याकाळी घरी जाऊन ते रिव्हॉल्व्हर उघडून साबणाच्या गरम पाण्याने धुतात, कारण काजळी रात्रभर राहिली तर सकाळी नळीत गंज दिसतो.